जोडी फोडायची नाही

बातमी आली तेव्हा मी डोंबिवलीत एका ओट्यावर उभी राहून नळाच्या पाण्यावर भाषण ठोकत होते. समोर पंधरा-वीस बायका, कडेला रिकाम्या कळश्या. तेवढ्यात मामाच्या गॅरेजातला एक फिटर घोळक्यातून पुढे आला आणि हात वर करून मला खाली बोलावू लागला. मला वाटलं, प्रश्न विचारायचाय. ‘सभा संपल्यावर विचारा!’ असं मी वरूनच सुनावलं. बिचारा थांबला. माझं भाषण संपेपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, ‘ताई, भाऊ मिस्त्री गेले.’

भाऊमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. ठाण्यात खाडीजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री. इंग्रज गेले तेव्हा त्यांच्यातल्या हौशी साहेबांनी आपल्या दोन सीटच्या, उघड्या टपाच्या गाड्या इथेच विकून टाकल्या आणि मामाच्या शेठने त्या मिळतील तशा जमवल्या. विलायतेहून पार्ट यायला महिनेच्या महिने लागत. म्हणून मग एकीचा गिअरबॉक्स दुसरीला, दुसरीचा मागचा एक्सल तिसरीला. एकाच कंपनीच्या, दोन-तीन वर्षांच्या अंतराने निघालेल्या गाड्या. लांबून पाहिलं तर फक्त चाकांत फरक, जुनीला तारांची, नवीला पत्र्याची. ‘सख्ख्या बहिणी आहेत गं,’ मामा म्हणायचा, ‘पण एकीची चोळी दुसरीला बसेलच असं नाही.’ कुठला पार्ट जसाच्या तसा चालेल, कुठला कानस मारून चालेल आणि कुठल्याला हातसुद्धा लावायचा नाही, हे त्याला पाठ होतं.

हात न लावण्यातली एक जोडी होती. मागच्या एक्सलच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात, मोठा क्राउन आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन. कारखान्यातून ती एकमेकांवर घासूनच निघतात. जुन्या गाडीचा क्राउन आणि नव्या गाडीचं पिनियन घेतलं तर दात मोजून तेवढेच भरतात, हातात गुळगुळीत फिरतातही. रस्त्यावर ओझं पडलं की मात्र एकमेकांना खातात. अख्खी जोडी या गाडीतून त्या गाडीत जाऊ शकते, अर्धी नाही. म्हणून एक्सल उघडला की मामा आधी जोडी सुतळीने बांधायचा. जुन्या मॉडेलची लाल सुतळीने, नव्याची पांढऱ्या सुतळीने. मग फळीवर. ‘जोडी फोडायची नाही,’ हे तो इतक्यांदा म्हणायचा की बाकीचे फिटर त्याला ‘भटजी’ म्हणत.

त्या सुतळ्या मी काढल्या.

हे वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले. ठाण्याच्या छापखान्यातून मी पत्रकं आणली होती आणि ती गॅरेजात मोजून, गठ्ठे करून संध्याकाळच्या आत डोंबिवलीला न्यायची होती. बांधायला काही मिळेना. मामा जेवायला गेलेला. फळीवर लोखंडाला गुंडाळलेली छान मजबूत सुतळी दिसली... ओढली, सोडली, गठ्ठे बांधले. दोन जोड्यांची चारही दातेरी चाकं तिथेच, एकमेकांत मिसळलेली. लोखंड ते लोखंड, आणि माझं पत्रक म्हणजे जनतेचं काम! मामा आला, फळीकडे बघत उभा राहिला.

‘माझ्या सुतळ्या कुणी नेल्या?’

‘मी. उद्या देते आणून. जनतेसाठी एवढाही त्याग नाही होय?’

‘पुढारीणबाई, तुमची जनता एक दिवस मला उपाशी मारणार,’ तो हसला. मग त्याने ती चाकं उचलली, एकमेकांत घालून फिरवली, कान लावून ऐकलं, बोट फिरवलं, आणि दोन जोड्या वेगळ्या ठेवल्या. मी तिथेच उभी होते.

पुढच्या आठवड्यात शेठला कुणा पाहुण्यासाठी जुनी गाडी हवी होती. आजच, आत्ताच. मामाने फळीवरची एक जोडी घालून एक्सल भरला आणि गाडी चालवून बघायला कल्याणच्या रस्त्याला काढली. मुंब्र्याच्या उतारावर पिनियनचे दात तुटून अडकले, मागची चाकं जागच्या जागी आवळली आणि गाडी कडेच्या दगडांत गेली.

मामाच्या दिवसकार्याच्या वेळी शेठ पांढऱ्या कपड्यांत आला. ‘माणूस सोन्यासारखा,’ म्हणाला, ‘पण हात चुकला.’ माझ्या अंगाची लाही झाली. त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. मालकाने घाई करून बेजोड पार्ट भरायला लावले, एका कामगाराचा बळी घेतला! खाली ‘एक जागृत नागरिक’. घाई खरी होती. पार्ट भरायला लावले, हे खोटं होतं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. शेठने गॅरेजात शांतपणे एवढंच विचारलं, ‘पार्ट निवडले कोणी?’ मग हळूहळू सगळेच म्हणू लागले, भाऊचा हात चुकला. ज्याला जोडीवरून भटजी म्हणत, त्याच्यावर जोडी फोडल्याचा ठपका... माझ्या पत्रकाने तो आणखी घट्ट बसला.

मी डोंबिवलीजवळ कोपरला, मामीकडे गेले आणि सुतळीचं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

‘ठाऊक आहे मला. त्या दिवशी घरी येऊन हसत सांगितलं ह्यांनी. पुढारणीने जोड्या सोडवल्या, मी परत लावल्या.’

‘पण कारखान्याचे आकडे कोरलेले असतात ना प्रत्येकावर? अपघातानंतर दुसऱ्या मिस्त्रीने ते वाचूनच सांगितलं की जोडी चुकलीय.’

‘ह्यांना ते दिसत नव्हते गं. दोन वर्षं झाली. जवळचं काही दिसायचं नाही.’ तिने खडा काढून टाकला. ‘चष्मा घातला म्हणून शेठने मागे एकाला घरी बसवला होता. मग हे कशाला घालतायत? सुतळी बांधायचे.’

मला वाचता येत होतं. तिथेच, हातभरावर उभी होते मी. ‘जरा आकडा वाच गं’ एवढं मामा म्हणाला असता... म्हणाला नाही. आणि मीही विचारलं नाही की सुतळ्या लाल-पांढऱ्या का?

‘लिही,’ मामी म्हणाली. ‘शेठची घाई लिही, चष्म्याचं लिही, तुझंही लिही. आणि खाली नाव घाल. नागरिक-बिगरिक नको.’

म्हणून हे लिहिलं. शेठला मी माफ केलेलं नाही. माणसाला अधू नजर लपवायला लावणारं गॅरेज हे गॅरेज नव्हे, आणि हे मी त्याच्या दारात उभी राहून म्हणणार आहे. पण मामाचा हात चुकला नव्हता. त्या हाताला डोळे नव्हते, आणि उसने घेतलेले होते ते मी सोडून नेले.

परवा हा मजकूर मामीला वाचून दाखवायला छापखान्यातून तडक कोपरला गेले. दोन्ही हात शाईने बरबटलेले, म्हणून दार कोपराने ढकललं. तिथे, माझ्या कोपराच्या वीतभर वर, लाकडावर तेलाचा एक काळा, गुळगुळीत डाग होता. रोज संध्याकाळी तेलकट हात वर धरून आत शिरणाऱ्या माणसाचा. दाराचा धप्पकन आवाज झाला, आणि स्वयंपाकघरातून मामी म्हणाली,

‘आलात? पाणी काढलंय हात धुवायला.’

मी उंबऱ्यातच उभी राहिले. आत भांड्यांचा आवाज थांबला.