झाकण लावलेलं पेन

“नर्सिंग आमच्याकडे नाही, मावशी. उगाच इथे फी भरू नका, ठाण्याला चौकशी करा,” असं सांगत क्लास चालवणारे गृहस्थ दिवाळे गावाहून आलेल्या मायलेकींना जिन्यापर्यंत सोडून आले.

“असं केलं तर याचा क्लास चालायचा कसा?” पप्पा माझ्या कानात पुटपुटले.

वाशीत तेव्हा निम्म्या इमारतींना अजून परांच्या बांधलेल्या होत्या. हा टायपिंगचा क्लास नवाच निघाला होता आणि बारावीनंतर मला तिथे घालायचं पप्पांनी ठरवून टाकलं होतं.

“हिचं नाव लिहून घ्या,” पप्पा म्हणाले.

गृहस्थांनी पेनाला झाकण लावलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. “नोकरीची हमी मी देत नाही. आणि मुलीने स्वतः सांगितल्याशिवाय नाव लिहीत नाही. बोला, ताई.”

“तिला काय विचारताय? लाजते ती.”

“लाजू द्या. मला घाई नाही.”

आणि ते खरंच हसत बसून राहिले. माझ्या उत्तरासाठी इतकं कोणी कधी थांबलं नव्हतं. खिडकीबाहेरच्या अर्धवट इमारतीकडे बघत मी म्हणाले, “टायपिंग नको. मला इमारतींचे नकाशे काढायला शिकायचंय.”