शिवकन्या आणि खवट खोबरं

आठवडी बाजाराच्या दिवशी ताडकळसच्या ईश्वरआप्पांच्या किराणा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी त्यांची मुलगी शिवकन्या तराजूजवळ बसली होती आणि आतून नुसती अधीर झाली होती. सकाळी चहात आलं टाकताना तिला काहीतरी अंधुक जाणवलं होतं. वास होता की भास? कुणाला सांगायचीही भीती वाटत होती.

लहानपणापासून तिचं नाक चोंदलेलं. पण मिरची-हळदीच्या दुकानात शिंका आणि खोकला कुणाला नवा? "दुकानाचा ठसका हाय," म्हणून घरच्यांनी वर्षं काढली. आई गौराबाईंना मात्र एक गोष्ट खटकायची. लेकराचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे, आणि घाम सुकला की कपाळावर विभूतीच्या पट्ट्यांखाली मिठाची पांढरी रेघ उमटायची. शाळेत जायला लागल्यावर हळूहळू वास येणंही बंद झालं. पुन्हापुन्हा न्यूमोनिया होऊ लागला, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घामाची तपासणी केली. आजार जन्मजात निघाला, सिस्टिक फायब्रोसिस. शरीरातला स्राव डिंकासारखा घट्ट होतो. छातीत साचतो, तसाच नाकामागच्या सायनसच्या पोकळ्यांतही. तिथं जंतू घर करतात, सूज येते, मऊ मांसाचे कोंब वाढतात.

"वरची घाण तशीच राहिली तर खाली छातीत उतरते," डॉक्टर म्हणाले होते.

यंदा दिवाळीनंतर ऑपरेशन करून नाकातले कोंब काढले. मिरचीची पोती मागच्या खोलीत गेली. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं रोज नाक धुणं सुरू झालं. श्वास मोकळा झाला, डोकं दुखायचं थांबलं. पण वास? त्याची खात्री डॉक्टरांनीही दिली नव्हती. तोवर माल हुंगून पारखायचं काम गौराबाईंचंच राहिलं, आणि त्या तर आज जिंतूरला लग्नाला गेल्या होत्या.

"शिवकन्ये, अर्धा किलो खोबरं दे माय. मसाला करायचाय," दगडाबाई गर्दीतून पुढं घुसली.

आप्पांनी नुकतंच नवं पोतं फोडलं होतं. शिवकन्येनं वाट्या तराजूत टाकल्या आणि थबकली. एक वाटी नाकाशी नेली. पुन्हा नेली. असं खोबरं गौराबाईंनी तिला कधीकाळी मांडीवर बसवून हुंगायला दिलं होतं.

"आप्पा! खोबरं खवट हाय!"

सगळ्या गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. आप्पांच्या हातातला साखरेचा पुडा तिरपा झाला. "अगं हळू की! गिऱ्हाईक हाय समोर!"

"लय खवट हाय आप्पा! मला वास यायलाय!"

दगडाबाईनं तुकडा तोडून तोंडात टाकला आणि तिथंच थुंकला. "खरंच की! ईश्वरआप्पा, तुमच्याच लेकीनं तुमचं दुकान बुडवलं बघा!"

"बुडू दे!" आप्पा ओरडले. साखर पायावर सांडत होती, त्यांना पत्ताच नव्हता. हिंगाची डबी उघडून त्यांनी पुढं केली. "डोळे झाक. हे काय हाय?"

"हिंग!"

"हे?"

"धने! नाही, थांबा... हां, धनेच!"

मागं रांगेत उभ्या शेतकरी मुंजाजीनं खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. "आन् ह्याला कशाचा यायलाय गं?"

"बैलाचा, काका!"

दुकान हसून लोटपोट झालं. आप्पांनी गौराबाईंना फोन लावला. "अगं, आपलं खोबरं खवट निघालं!" एवढंच आनंदानं ओरडले आणि फोन लेकीपुढं धरला. शिवकन्येनं फोन घेतला. "माय, मी वळखलं. मी!" पलीकडे सनई वाजत होती आणि गौराबाई रडत होत्या.

कोंब पुन्हा वाढू शकतात, हे तिला ठाऊक होतं. उद्या सकाळीही नाक धुवायचंच होतं.

"मग माझं खोबरं?" दगडाबाई म्हणाली.

आप्पांनी दुसरं पोतं फोडलं. पहिली वाटी तराजूत टाकायला हात गेला, पण मध्येच वळला. त्यांनी ती शिवकन्येच्या हातात ठेवली.

"आधी तू सांग."

रांग थांबली. शिवकन्येनं डोळे मिटले.