काकूंची इंटर्नशिप

वर्गात तिला सगळे काकूच म्हणायचे. हजेरी घेताना एकदा सरांच्या तोंडूनही 'काकू' निघून गेलं, तेव्हा अख्खा वर्ग हसला आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. बारावी झाल्या झाल्या लग्न, मग मूल, मग सासूचं आजारपण, यात तरुणपण कधी सरलं ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. लेक दहावीत गेली आणि हिनं मास कम्युनिकेशनच्या पदवीसाठी कॉलेजात नाव घातलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. "शीक की," एवढंच तो म्हणाला. कमी बोलणारा माणूस. पण त्या दिवसापासून सकाळची भांडी त्यानं आपल्याकडे घेतली.

शेवटच्या वर्षी गाडं इंटर्नशिपपाशी अडलं. कुठल्यातरी ऑफिसात काम करायचं, त्यांनी चांगला शेरा दिला की कॉलेज क्रेडिट देणार, आणि त्या क्रेडिटशिवाय पदवी नाही. पोरापोरींना जागा पटापट मिळाल्या. काकू एका जाहिरात कंपनीत गेली, तर दारातल्या मुलानं अदबीनं विचारलं, "कोणाला भेटायचंय? तुमचा मुलगा इथं आहे का?" दुसरीकडे म्हणाले, कळवतो. कळवलं कोणीच नाही. शेवटी सरांनी शब्द टाकला आणि एका बातम्यांच्या चॅनेलनं तिला घेतलं.

न्यूजरूममध्ये भिंतभर टीव्ही, सगळ्यांचा आवाज बंद, आणि एसी असा की बोटं आखडावीत. तिला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. पडद्यावर खाली पळणाऱ्या ओळींतलं शुद्धलेखन तपासायचं. डेस्क सांभाळणारी मॅडम वयानं तिच्या धाकट्या बहिणीएवढी. वाईट बाई नव्हती. पहिल्याच दिवशी आपली शाल हिच्या खांद्यावर टाकून गेली. घरी जाऊन काकूनं ते नवऱ्याला दोनदा सांगितलं.

मग एका दुपारी एका बांधकामाची परांची कोसळली आणि वेल्डिंग करणारा एक तरुण मुलगा त्यात गेला. मुलाच्या घरचा नंबर मिळाला. एका रिपोर्टरनं फोन लावला, पलीकडून आपटला गेला. दुसऱ्यानं लावला, त्याला शिव्या खाव्या लागल्या. मॅडमनं खोलीभर नजर फिरवली.

"काकू, तुम्ही बोला. तुमचा आवाज आईसारखा आहे."

तिला तो फोन करायचा नव्हता. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर, आपल्याला कोणीतरी काहीतरी येतं म्हटलं, याचं कुठंतरी बरंही वाटलं. तिनं फोन लावला. मुलाच्या आईनं उचलला.

"ताई, मी पण एका मुलीची आई आहे हो," ती म्हणाली. "तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू."

मग बाईचा बांध फुटला. लहानपणी तो कसा झोपेत हसायचा, पहिल्या पगारातून तिच्यासाठी चपला कशा आणल्या, सगळं. काकूचेही डोळे वाहत होते. ती नाटक करत नव्हती. शेवटी बाई अगदी हळू म्हणाली, "सकाळी मी त्याला बोलले, ताई. त्याच्या कुठल्या मित्रावरून भांडण झालं. म्हटलं, जा, परत तोंड दाखवू नकोस. तो डबाही न घेता गेला. ह्यांना ठाऊक नाही. कोणाला सांगू नका हं."

"नाही सांगणार. माझा शब्द."

डेस्कवरच्या फोनचं बोलणं रेकॉर्ड होतं, हे तिला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. त्या क्षणी ते तिच्या डोक्यातच आलं नाही. आठवलं तेव्हा ती धावत मॅडमकडे गेली. "ते भांडणाचं तेवढं वापरू नका. मी शब्द दिलाय."

"बघते," मॅडम म्हणाली.

संध्याकाळच्या बातम्यांत नेमकं तेवढंच वाजलं. खाली ओळ पळत होती: 'आईचे मुलाला अखेरचे शब्द.' त्या ओळीतलं शुद्धलेखन बिनचूक होतं. खोलीत कोणीतरी म्हणालं, "काकू, कमाल केलीत!"

"मॅडम, मी तुम्हाला सांगितलं होतं," एवढंच तिला बोलता आलं.

"वरून आलं, काकू. माझ्या हातात असतं तर..." मॅडम पुढच्या बातमीकडे वळली.

दोन दिवस ती धुमसत राहिली आणि मग पत्ता काढून त्या घरी गेली. अरुंद जिना, दाराबाहेर चपलांचा ढीग. दार त्या बाईनंच उघडलं. चेहरा सुजलेला, तरी तिनं नीट विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?"

"ताई, मी माफी मागायला..."

दोन शब्दांत बाईनं आवाज ओळखला. ती ओरडली नाही. दाराला धरून उभी राहिली. "ते माझ्याशी बोलत नाहीत आता," ती म्हणाली. "मुलाला घालवलंस म्हणतात. मला वाटलं होतं, तुम्ही बाई आहात. मोकळी झाले तुमच्यापाशी." मग आतून कोणीतरी हाक मारली आणि दार लागलं.

कॉलेजात तिनं सरांना सगळं सांगितलं. म्हणाली, "मला ते क्रेडिट नको."

सरांनी चॅनेलचा शेरा तिच्यापुढं ठेवला. "त्यांनी तुमचं इतकं कौतुक लिहिलंय, की मी वर्गात वाचून दाखवणार होतो. क्रेडिट सोडलंत तर वर्ष जाईल. आणि सोडून त्या बाईचं काय भलं होणार आहे?"

घरी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तुला झेपेल ते कर." कधी नव्हे ते तिला त्याच्या कमी बोलण्याचा राग आला. तिनं क्रेडिट घेतलं. पहिल्या वर्गात पास झाली. लेकीनं गळ्यात पडून फोटो काढले. त्यांत ती हसताना दिसते.

चॅनेलनं नोकरीसाठी बोलावलं. फोन मॅडमनंच केला होता, मनापासून. "तुमच्यासारखं लोकांशी बोलणं इथं कोणालाच जमत नाही, काकू."

"नको," ती म्हणाली आणि कारण सांगितलं नाही.

आता ती नवऱ्याच्या दुकानात बसते. गिऱ्हाईक आलं की फ्रेम दाखवते, कुठली बसते विचारते, काच कधी मिळेल ते सांगते. म्हातारी माणसं गप्पा मारायला थांबतात, घरातलं काहीबाही काढतात, सुनेचं, मुलाचं. काकू मध्येच उठते आणि आत जाऊन काचा पुसायला लागते. "तुमची बायको जरा घुमीच आहे हो," असं एकजण नवऱ्याला म्हणाला. नवऱ्यानं मान हलवली आणि गिऱ्हाइकाची फ्रेम उजेडात धरली.