कुठेतरी पाणी मुरतंय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सगळे त्यांना चौकशे म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण नव्याने लागलेला मेकॅनिक ते आडनावच समजून 'चौकशेसाहेब' म्हणायला लागायचा आणि खरं कळल्यावरही तेच म्हणत राहायचा, कारण त्या माणसाला दुसरं काही शोभतच नव्हतं.

आवाज करणाऱ्या लिफ्टची चौकशेंना कधी भीती वाटली नाही. ती कुरकुरते, खरखरते, म्हणजे काय दुखतंय ते सांगते. गुपचूप वरखाली करणारी लिफ्ट दिसली की मात्र ते टॉर्च घेऊन खाली खड्ड्यात उतरत. "ही एवढी शहाण्यासारखी का वागतेय?" असं पुटपुटत प्रत्येक नट हाताने चाचपून बघत. तीस वर्षं हेच केल्यावर माणसांकडेही त्याच नजरेने बघायची सवय लागली. शेजाऱ्याने आपणहून शिडी आणून दिली तरी चौकशेंच्या मनात पाल चुकचुकायची.

त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. दिवसभर ती पोरांच्या वाघाच्या आणि राक्षसाच्या गोष्टी खऱ्या मानायची आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या एकाही शंकेवर विश्वास ठेवायची नाही. संसार चालला होता तो बहुधा त्यामुळेच. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, आपण एक छोटा ट्रेलर घेऊ या. आत झोपता येतं, स्वयंपाक करता येतो, तसला. गाडीमागे लावायचा आणि सुट्टी मिळाली की निघायचं."

"हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?"

"कुणी नाही."

"मग आलं कुठून?"

"डोक्यातूनच आलं. मलाही आहे ना एक."

खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. चौकशेंना हॉटेलात झोप लागत नसे. खोलीत शिरले की ते आधी पलंगाखाली वाकून बघत, मग उशीचा वास घेत, मग कडी लागते का ते बघत आणि मग दाराला खुर्ची लावत. गेल्या सहलीत हॉटेलची लिफ्ट त्यांना संशयास्पद वाटली आणि समुद्रावर जायची दुपार त्यांनी तिथल्या मशीनरूममध्ये काढली. स्वतःची उशी, स्वतःची कडी आणि वर लिफ्ट नाही, म्हटल्यावर चौकशे तयार झाले.

शोध सुरू झाला. पहिला ट्रेलर बघायला गेले तर आत अत्तराचा घमघमाट. चौकशेंनी तीन भिंती बघितल्या आणि चौथीपाशी थांबले. "एकाच भिंतीला नवा कागद कसा काय?" मालक म्हणाला, बायकोला तो रंग आवडतो. चौकशेंनी अंगठ्याने दाबलं, तर अंगठा ओल्या पावासारखा आत गेला. दुसऱ्या ट्रेलरचा मालक फारच गोड बोलत होता, पण आत आल्यापासून एका सतरंजीवर जो उभा राहिला तो हलेना. चौकशेंनी त्याला बाहेर चाकं दाखवायला नेलं आणि बायकोला डोळ्याने खुणावलं. तिने सतरंजी उचलली, तर खालची फळी कुजलेली. परत येताना ती कौतुकाने म्हणाली, "कधी कधी बरोबर असता हं तुम्ही." हे वाक्य पुढे तिला बरंच महागात पडलं.

तिसरा ट्रेलर एका निवृत्त बसड्रायव्हर बाईंचा होता. बाई उंच, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून. ट्रेलर त्यांच्या दारातच उभा होता. जेमतेम दोन माणसांचा. दोन बाकांमधलं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग व्हायचा. दोन बर्नरची शेगडी, परातीएवढं बेसिन, पिवळे पडदे. चौकशेंनी वास घेतला, भिंती दाबल्या, खाली झोपून लोखंडावर टकटक केली, छतावर चढले. काहीही सापडलं नाही, आणि तिथेच त्यांचं डोकं फिरलं.

त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. का विकताय? एकट्याच राहता का? शेजारी कोण आहे? शनिवार-रविवार घरी असता की बाहेर? ट्रेलर घेऊन कुठे कुठे जायचात? बाईंनी शेवटच्या प्रश्नाचं तेवढं नीट उत्तर दिलं. ट्रेलर लावायला तळ्याकाठचं मैदान चांगलं, त्याच्यानंतर जंगलातलं, आणि लांब जायचं असेल तर समुद्रावरच्या कड्यावरचं. बायकोने तिन्ही नावं मनात टिपून ठेवली. मग बाई म्हणाल्या, "आता माझा एक प्रश्न. मागे घेता येतो का?" चौकशेंनी ट्रेलर मागे घेतला तो थेट गुलाबाच्या वाफ्यात गेला. "स्टिअरिंग उलटं फिरवायचं," बाई खिडकीतून म्हणाल्या. "ट्रेलर आपल्या मनाविरुद्धच वळतो. सवय होईल." चौकशेंनी रागारागाने एक किंमत सांगितली, मुद्दाम कमी. घासाघीस होईल, बाई कुठे अडखळतात ते कळेल, असा त्यांचा हिशेब. बाई म्हणाल्या, "चालेल. आजच घेऊन जा."

घरी येईपर्यंत चौकशे आरशातून मागे बघत होते. "पहिल्याच भावाला हो म्हणाली. वर आजच न्या म्हणे. अगं, कुठेतरी पाणी मुरतंय."

"भिंत तर कोरडी आहे."

"तेच तर."

पहिली सफर तळ्याकाठी झाली. पोचल्यावर चौकशेंनी चाकाखाली फळ्या सरकवल्या, लेव्हलची नळी ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत चारही कोपऱ्यांचे पाय फिरवले आणि पुन्हा एकदा सगळं तपासलं. तोवर बायकोचा चहा होऊन प्यायलाही गेला होता. आत राहण्याची शिस्त वेगळीच होती. एकाला उभं राहायचं असेल तर दुसऱ्याने बसावं लागे. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावीच लागे. सकाळी खिडक्यांच्या काचा आतून ओघळत होत्या. चौकशे ताडकन उठले. "गळतंय!"

"आपलाच श्वास आहे तो," बायको पांघरुणातून म्हणाली. "बंद खोलीत दोन माणसं झोपली की असंच होतं."

काच पुसून त्यांनी बाहेर बघितलं, आणि फाटकाशेजारी झाडाखाली त्यांना बाईंची निळी गाडी दिसली. विक्रीच्या दिवशी दारात होती तीच. बंपरला उजवीकडे पोचा पडलेली.

बायको त्यांना ओळख द्यायला चला म्हणून ओढत होती, पण त्यांनी उलट तिलाच धरून ठेवलं. "जाऊ नकोस. काय करतेय ते बघू." बाई काहीच करत नव्हत्या. गाडीचं मागचं दार उघडून पाय खाली सोडून बसल्या होत्या आणि तळ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या सफरीला जंगलात गेले. दुसऱ्या दिवशी निळी गाडी तिथेही आली. आता मात्र चौकशेंच्या तोंडचं पाणी पळालं. ते कचरा टाकायच्या निमित्ताने गाडीच्या मागून गेले, नंबर पाठ केला, मोबाईल कानाला लावल्याचं नाटक करत फोटो काढला. बाईंनी वळून बघितलं. क्षणभर दोघांची नजरानजर झाली. मग बाईंनी काच वर केली.

"बघितलंस? तोंड लपवलं."

"अहो, तुम्ही तिच्या गाडीचे फोटो काढलेत. मीसुद्धा काच वर केली असती."

पण चौकशेंना सगळं लख्ख दिसू लागलं होतं. बाईंनी ट्रेलरमध्ये काहीतरी लपवलंय. विकताना ते काढायचं राहिलं, किंवा मुद्दामच ठेवलंय, आणि आता ते परत मिळवायला त्या मागावर आहेत. काय लपवलंय, ते मात्र दर दिवशी बदलायचं. कामावर लिफ्टच्या छतावर बसून ते यावरच विचार करायचे. त्यांचा जोडीदार एकदा म्हणाला, "चौकशेसाहेब, तुम्ही आज एकही नट तपासला नाहीत." एवढी पाळी आली होती.

तिसऱ्या खेपेला समुद्रावरच्या कड्यावर गेले. दुपारी बायको एकटीच किनाऱ्यावर फिरायला गेली. ती वळणाआड होते न होते तोच फाटकातून निळी गाडी आत आली. चौकशेंनी दार लावलं, पडदे ओढले आणि पेचकस काढला. मागच्या बाकाजवळच्या भिंतीवर वाजवल्यावर पोकळ आवाज यायचा, हे त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. त्यांनी फळी सोडवली. आत कापसासारखं भरण, एक वायर, एक केसाची पिन आणि कपड्यांना लावायचा लाकडी चिमटा. भरण बाहेर ओढलं. हात कोपरापर्यंत घातला. कोपऱ्यात काहीतरी मऊ लागलं म्हणून पेचकसाने ते उचकटलं. रबरासारखी काळी लांबलचक पट्टी निघाली. त्यामागे काही नव्हतं. उजेड होता.

तासाभरात आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. बायको निथळत परतली तेव्हा चौकशे बाकावर परात धरून बसले होते आणि उशा, चादरी, बिस्किटं सगळं भिजलं होतं. तिने भिंतीतलं भगदाड बघितलं, पेचकस बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं.

"काय सापडलं?"

"पिन," चौकशे म्हणाले.

ती पुढे काही बोलणार, एवढ्यात दारावर थाप पडली. मैदानाचा मॅनेजर छत्री धरून उभा होता. आवाज सभ्य, पण चेहरा कडक. "साहेब, जरा ऑफिसात येता का? तुमच्याबद्दल एका बाईंची तक्रार आहे."

चौकशेंना प्रथम काही कळलंच नाही. त्यांच्या सबंध आयुष्यात प्रश्न विचारणारे तेच होते.

ऑफिसात खुर्चीवर ड्रायव्हरबाई बसल्या होत्या, ताठ, मांडीवर पर्स घट्ट धरून. मॅनेजर म्हणाला, "बाईंचं म्हणणं आहे की तुम्ही त्यांचा पाठलाग करता."

"मी?" चौकशेंचा आवाज चिरकला. "त्या माझा करतात!"

"ट्रेलर घ्यायला आले तेव्हाच मला खटकलं होतं," बाई मॅनेजरला म्हणाल्या. "एकट्या राहता का, शेजारी कोण, शनिवार-रविवार घरी असता का. असं विचारतं का कुणी? त्यानंतर मी जिथे जाते तिथे हे हजर. जंगलात तर माझ्या गाडीचे फोटो काढले. मला वाटलं, ट्रेलर हे नुसतं निमित्त आहे."

"मग तुम्ही बरोबर त्याच ठिकाणी कशा येता?" चौकशे हट्टाने म्हणाले.

"मी अकरा वर्षं याच क्रमाने येतेय! ट्रेलर नाही म्हणून काय झालं? मागची सीट पाडते आणि गाडीतच झोपते."

इतका वेळ बायको दारात केस पिळत उभी होती. तिला हसू आवरेना. "अहो, ही तिन्ही ठिकाणं आपल्याला कुणी सांगितली? यांनीच. तुम्हीच विचारलंत, त्यांनी सांगितलं, आणि आपण त्याच क्रमाने चाललोय. त्या आपल्या मागे नाहीत हो. आपण त्यांच्या मागे आहोत."

पावसाचा आवाज तेवढा छपरावर चालू होता. मॅनेजरने उगाच टेबलावरच्या किल्ल्या एका रांगेत लावल्या.

चौकशेंचे कान लाल झाले होते, पण हाडात मुरलेली सवय जाते कुठे? "मग पहिल्याच भावाला हो का म्हणालात?"

बाई पर्सचं बक्कल उघडत-मिटत राहिल्या. "खांदा गेला माझा. ट्रेलर जोडायला एकटीला जमेना. विकायचा ठरवला खरा, पण आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काहीतरी कारण सांगून परत पाठवत होते. तुम्ही आलात त्या दिवशी म्हटलं, आज नाही गेला तर कधीच जाणार नाही. मग तुम्ही काय किंमत सांगितलीत, ते मी धड ऐकलंसुद्धा नाही."

चौकशे उठले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ती फार मोठ्याने मागितली गेली. बाई दचकल्या. मग म्हणाल्या, "बरं बरं. ट्रेलर कसा आहे?"

याचं उत्तर द्यायला नवरा-बायको दोघंही तयार नव्हती, म्हणून बाई स्वतःच बघायला निघाल्या. दारातून भगदाड दिसलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. "हे कुणी केलं?" चौकशेंनी परात उचलली आणि पाणी ओतायला बाहेर गेले. पाठीमागून त्यांना ऐकू येत होतं, "अकरा वर्षांत एक थेंब आत आला नाही. एक थेंब!" आणि त्यावर बायकोचं समजावणं, बालवाडीतल्या आवाजात.

निळ्या गाडीत फटी बुजवायच्या सीलंटची नळी होती. पाऊस थांबल्यावर चौकशेंनी कोपरा कोरडा केला आणि बाई सांगतील तसं भरत गेले. बाईंचा खांदा वर होत नव्हता, पण तोंड उत्तम चालत होतं. "जाड नको. घाई नको. बोट ओलं करून फिरवा." फळी पुन्हा बसली तेव्हा चौकशेंनी ती दाबून बघितली, बाईंनीही दाबून बघितली, आणि दोघांनी एकमेकांची नजर चुकवली.

पुढे हळूहळू असं ठरत गेलं की निघण्याआधी एकमेकांना फोन करायचा. कधी एकाच मैदानावर उतरायचं, कधी मुद्दाम वेगवेगळ्या. बाईंनी चौकशेंना ट्रेलर मागे घ्यायला शिकवलं. त्या मागे उभ्या राहून ओरडायच्या आणि चौकशे प्रत्येक वेळी विचारायचे, "नक्की डावीकडे? का?" त्यात एकदा एक कुंपण पडलं. पण त्या दुरुस्तीनंतर बाई ट्रेलरच्या आत कधी यायच्या नाहीत. चहा पायरीवर बसून प्यायच्या.

तळ्याकाठी एका सकाळी त्या म्हणाल्या, "मी जरा आत बसू का? एकटी?"

बायकोने चौकशेंचा दंड धरला आणि त्यांना चालत थेट पाण्यापर्यंत नेलं. ते सारखे मागे वळून बघत होते. पिवळा पडदा ओढला गेला. बराच वेळ गेला. मग बाई बाहेर आल्या, दार हलकेच लावलं आणि आपल्या गाडीकडे गेल्या.

चौकशेंनी बाईंना काही विचारलं नाही. सामान आवरताना नाही, ट्रेलर जोडताना नाही. हमरस्ता लागेपर्यंत त्यांनी दम धरला.

"आत काय करत होती गं ती?"

"बसली होती."

"नुसती?"

"नुसती."

चौकशेंनी मान डोलावली. मग पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतली आणि, "टायर बघून येतो," असं म्हणून खाली उतरले. बायकोने आरशात बघितलं. ते टायरजवळ थांबले नाहीत. ट्रेलरचं दार उघडून आत गेले, बाकावर बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले.