सूक्ष्मदर्शकाला कुंकू

माझं तोंड फटकळ आहे. फुलचूरला घरी नवरा म्हणतो, तुला विज्ञान शिकवायला नाही, भांडायला नेमलंय. मी ते हसण्यावारी नेते. पण एका पोरीशी मी जे वागले ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, म्हणून लिहून राहिले आहे.

अर्जुनी मोरगावच्या पुढच्या एका खेड्यातली सरकारी शाळा, फुलचूरहून रोज गाडीनं येणं-जाणं. दहावीचं विज्ञान माझ्याकडे. उत्क्रांतीचा धडा म्हणजे माझा जीव की प्राण. त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "माणूस कुठून आला, सांगा बरं." मागच्या बाकावरची एक गोंड घरातली पोरगी उठली. एरवी न बोलणारी. त्या घरातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. म्हणाली, "आजा सांगते, आमची माणसं गुहेत कोंडून होती. तोंडावर मोठा दगड होता. मंग किंगरीची तार वाजली, तवा दगड सरकला न् सगळे बाहेर आले."

मी म्हटलं, "आणि कोंडलं कोणी? तुझ्या आजानं?" वर्ग खो खो हसला. मीही हसले. सांगताना लाज वाटते, पण हसले.

ती काही बसली नाही. "मॅडम, मंग मागच्या दसऱ्याले तुम्ही सूक्ष्मदर्शकाले कुंकू काऊन लावलं?"

खरं होतं. शाळेत सरस्वतीची पूजा झाली, मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, आणि प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू मी स्वतःच्या हातानं वाहिलं. ते वरच्या भिंगात शिरलं. पुसून पुसून बोटं दुखली, तरी कांद्याची साल बघताना कडेला लाल डाग दिसायचाच. रोजच्या प्रार्थनेला हात नीट जोडा म्हणून पोरांवर डोळे वटारणारीही मीच. हेही धर्म शिकवणंच आहे, आणि तोही आपल्याच घरचा, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"ती श्रद्धा असते," मी म्हटलं.

"मंग आमची?"

कोंडीत सापडले की मला राग येतो. "बाहेर उभी राहा!" ओरडले. तास संपेपर्यंत पोरगी व्हरांड्यात उभी होती.

त्यानंतर तिनं कधी हात वर केला नाही. सहामाहीत उत्क्रांतीचं उत्तर पुस्तकातल्यासारखं शब्दन् शब्द लिहिलं. मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि मूर्खासारखी खूश झाले. वाटलं, चला, पोरगी मार्गाला लागली.

पुढे पालकसभेला तिची आई आली. सभा संपली तरी दाराशी घुटमळत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "का सांगू मॅडम. पोरगी बुढ्याजवळ बसतच नाही आता. लहानपणापासून त्याच्याजवळच जेवे, त्याच्याजवळच झोपे. आता त्यानं गोष्ट काढली का म्हणते, तुमचं सगळं खोटं हाय. बुढ्यानं गोष्टी सांगनंच सोडून देल्लं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले.

म्हातारा अंगणात खाटेवर दोर वळत बसला होता. पोरगी तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, नमस्कार केला, आणि सूप घेऊन दारात जाऊन बसली. माफी मागायची असं घोकत गेले होते मी, पण हे फटकळ तोंड नेमकं तेव्हाच उघडेना. शेवटी म्हाताऱ्यानंच विचारलं, "तुमचं पुस्तक का म्हणते मॅडम, माणूस कसा झाला?"

मी सांगू लागले. पाण्यातले बारीक जीव, मग मासे, मग जमिनीवर आलेले प्राणी, मग माकडांचे आणि आपले एकच पूर्वज. तो हातातलं काम थांबवून ऐकत होता. "हो... मंग?" म्हणून पुढचं विचारत होता. "किती वर्सं लागले याले?" कोट्यवधी, मी म्हटलं. "बापा! लय सबर केलं मंग." एकदाही हसला नाही. एकही आडवा प्रश्न विचारला नाही. शेवटपर्यंत सगळं ऐकून घेतलं त्यानं.

मग मात्र मी म्हटलं, "आजोबा, आता तुमची गोष्ट सांगा. मला ऐकायची आहे. त्या दिवशी चुकलंच माझं."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. सावरून बसला, खाकरला. तोच दारातून पोरगी म्हणाली, "नोको सांगू, आजा. मॅडम हासते."

आवाज अगदी हळू. त्याला जपायला बोलली होती ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा थांबला. खाली पाहिलं, दोर पुन्हा हातात घेतला, आणि अगदी मायेनं मला विचारलं, "सांजेची गाडी किती वाजता हाय मॅडम तुमची?"