धाकटीचं यंत्र

माझी धाकटी बहीण खराडीच्या एका कंपनीत आहे. घरोघरची बीपीची आणि साखरेची यंत्रं इंटरनेटवरून जे आकडे डॉक्टरांना पाठवतात, त्यांत कुणी ढवळाढवळ करू नये हे बघणं तिचं काम. प्रत्येक आकड्याच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवायच्या आणि नवी नोंद आधीच्या नोंदीत अशी गुंफायची, की मागचं काही बदललं तर लगेच उघडं पडावं. याला ब्लॉकचेन म्हणतात, हे बाबांनी मला तीनदा समजावून सांगितलं. त्यांना बीपी म्हणजे काय हे मी समजावलं होतं, ते मात्र त्यांना आठवत नाही.

मी आणि बाबा हडपसरला राहतो. आई गेल्यावर मी शाळेतली नोकरी सोडली आणि सात वर्षं रोज सकाळी बाबांचं बीपी मोजून चौकटीच्या वहीत लिहिलं. गेल्या दिवाळीत धाकटी नवं यंत्र घेऊन आली आणि बाबांनी स्वतःच्या हातानं ती वही रद्दीत टाकली. मग जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या धाकटीनं केलंय. खुद्द डॉक्टरलाही खोडता येणार नाही." मला वाईट वाटलं असं लिहिणं सोपं आहे, पण खरं म्हणजे मी जळले.

आकडे कुणी बघायचे याची परवानगी बाबांनी मोबाइलवरून द्यायची होती. त्यांनी ती दोघांना दिली, डॉक्टरांना आणि धाकटीला. मी विचारलं तर म्हणाले, "तू तर घरातच आहेस की." यंत्रावरचा आकडा मला दिसायचा, हे खरंच. पण यादीत मी नव्हते.

एका शनिवारी मी हट्टानं बाबांना कांदाभजी आणि लोणचं वाढलं, कारण धाकटीनं दोन्ही बंद करायला सांगितलं होतं. रविवारी सकाळी आकडा आला एकशे छप्पन. पाच मिनिटांत तिचा मेसेज, "ताई, काल काय खाल्लं त्यांनी? थोड्या वेळानं परत मोज."

बाबा आंघोळीला गेले होते. मी तो पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. मला कधी काही झालेलं नाही, माझा आकडा छानच येणार, तिचं तोंड बंद होईल, एवढाच विचार होता. आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर. मी पट्टा ओरबाडून काढला, मशीन बंद केलं, पण नोंद केव्हाच गेली होती.

बाबा बाहेर येऊन चहाला बसेपर्यंत मेसेज आलाच. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, आजपासून गोळी दुप्पट. बाबांनी हात पुढे केला. "धाकटीचा मेसेज ना? ती म्हणेल तसं दे."

दोन गोळ्या माझ्या तळहातावर होत्या. मागे एकदा बीपी उतरून ते न्हाणीघरात पडले होते. एकच देऊन दोन दिल्या म्हणावं, असंही मनात आलं. पण उद्या, परवा? डॉक्टर तर माझ्याच आकड्यावर औषध देत राहणार. मी गोळ्या डबीत परत टाकल्या, गॅलरीत गेले आणि तिला फोन लावला.

"तो दुसरा आकडा बाबांचा नाही," मी म्हटलं. "माझा आहे. मुद्दाम केलं."

ती हसेल, नाहीतर फाडून खाईल, याची मी तयारी ठेवली होती.

"त्यांना नेहमीची एकच दे," ती म्हणाली. "डॉक्टरांना मी सांगते. ती नोंद पुसता येणार नाही, खाली दुरुस्ती जोडावी लागेल." मग म्हणाली, "ताई, एकशे अठ्ठ्याहत्तर तुझं आहे? तू स्वतःला डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंस?"

मला आठवेना. सात वर्षांत हे बाबांनी मला विचारलं नव्हतं, मीही स्वतःला नाही. तेही तिलाच सुचलं, आणि गॅलरीत उभ्या उभ्या मला त्याचासुद्धा हेवा वाटला.