मनगटावरचा थेंब

अर्धी वाट सरली तरी वहिनी बसचं नाव काढू देईना. आणखी एक बस समोरून गेली तेव्हा मी म्हटलं, "अगं, पाय मलाही आहेत, ते दुखतात."

"बसनं लवकर पोचू, वन्सं," ती म्हणाली.

आम्ही तिच्या बहिणीकडे निघालो होतो. बहिणीच्या मुलीचे दोन्ही गाल भाजल्यासारखे सोलले होते, तेही वहिनीने दिलेल्या अर्कामुळे. पोर घराबाहेर पडत नव्हती.

वहिनी तरुणपणीच तेलाच्या कारखान्यात लागली. गरम टाक्या घासून तिचे हात असे झाले, की उकळत्या चहाचं पातेलं ती नुसत्या हाताने उतरवते. "आमच्याकडे पकड लागत नाही, बायको आहे," असं माझा भाऊ सगळ्यांना सांगतो.

तेल शुद्ध करताना आंबूस वासाचा चिकट गाळ उरतो. पूर्वी तो साबणवाले उचलून न्यायचे. पुढे कारखाना त्यातल्या जीवनसत्त्वाचा अर्क काढून क्रीमवाल्यांना विकू लागला. गाळातलं आम्ल धुऊन काढायचं काम वहिनीकडे आलं. धुऊन झालं की ती एक थेंब मनगटावर चोळून बसायची. चुरचुरलं नाही की म्हणायची, "झालं!" तपासणीवाला चिडवायचा, "मावशी, मग मी यंत्र विकून टाकू का?" पण माल यंत्रातून गेल्याशिवाय तो बाहेर सोडत नसे.

भाचीची बाटली मात्र वहिनीने यंत्राला न दाखवता परस्पर आणली. मनगटाला काही झालं नव्हतं ना! त्या मनगटाला आता कशानेच काही होत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि भाची फोनवर एवढंच म्हणाली, "मावशी, तुझ्या हातचं म्हणून दोनदा लावलं गं." तेव्हापासून वहिनीला घास गोड लागत नव्हता.

बहिणीच्या फाटकाशी ती थांबली. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"वन्सं, एक ऐका. आत गेल्यावर मी म्हणायला लागेन, माझ्या हाताला तर काही झालं नव्हतं. मी मला ओळखते. तेवढं म्हणू देऊ नका. हाताला चिमटा काढा."

"तुला तो कळणार आहे का?"

तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले.

"मग पायावर पाय द्या. पण म्हणू देऊ नका."